कोजागिरीला नाही, अष्टमीला! मुंबईहून सायकलवर एका रात्रीचं कॅम्पिंग

[मागे भिंतीला टेकवलेली सायकल, कॅरिअरवर दोन पॅनिअर, म्हणजे बाजूला लटकणाऱ्या पिशव्या]

नमस्कार मंडळी. पहिलंच वाक्य जरा मूड घालवणारं आहे. कोजागिरीच्या रात्री किनाऱ्यावर टेंट टाकायला जाऊ नका.

दरवर्षी पाऊस संपला की हा बेत ठरतो. पौर्णिमेचं चांदणं, वाळू, मसाला दूध, सगळं झकास. पण पौर्णिमा म्हणजे समुद्राला उधाण. त्या रात्री पाणी सगळ्यात वर चढतं आणि नेमकं मध्यरात्रीच्या आसपास चढतं, म्हणजे तुम्ही गाढ झोपलेले असताना. संध्याकाळी सहाला जी वाळू कोरडी, पसरट, एकदम मस्त वाटते, ती ओहोटीची वाळू असते.

मग जायचं कधी? त्यासाठी ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकण किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जे उत्तर येईल, त्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणून सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुढची भरती येते. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं.

[वहीवर आकडेमोड दाखवायची]

आता अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. तुम्ही संध्याकाळी किनाऱ्यावर पोचता तेव्हा पाणी त्या दिवसापुरतं जवळजवळ सगळ्यात वर आलेलं असतं. ते कुठवर येतं हे डोळ्यांनी दिसतं, अंदाज बांधावा लागत नाही. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाची भरती, तिचा जोरच कमी. मध्यरात्री ओहोटी, पहाटे सहाच्या सुमारास पुन्हा भरती. आणि शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो, मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे टेंट लावायला, जेवायला उजेड आणि झोपायला अंधार. मला विचाराल तर कार्तिक शुद्ध अष्टमी ही मुंबईकर सायकलवाल्याची खरी तिथी. दिवाळीनंतर आठवड्याभरात येते, डब्यात फराळही शिल्लक असतो.

ऑक्टोबरपेक्षा नोव्हेंबर बरा, याला आणखी एक कारण आहे. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. सरासरी, बरं का. परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, आणि तो नसेल तर ऑक्टोबर हीट असते. भर उन्हात तेहतीस-चौतीस अंशांत सामान लादलेली सायकल चालवणं यात काही पराक्रम नाही. निघायच्या आधी अरबी समुद्रात काही शिजतंय का, तेही बघा. २००९ साली फयान वादळ आपल्या किनाऱ्याला धडकलं ते ११ नोव्हेंबरला. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा असेल, तर तो आपल्यालाही लागू.

आता रस्ता. मुंबईहून सायकलवर बाहेर पडायचं म्हटलं की लोक हायवे धरतात. घोडबंदरला ट्रकच्या धुरात तास घालवायचा, कंटेनरच्या चाकांशेजारून जायचं, कशाला? आपण बेटावर राहतो. बेटावरून बाहेर पडायचं तर होडीने पडावं.

मी सांगते तो रस्ता बोरिवलीहून निघतो. पश्चिमेला गोराई खाडीच्या जेट्टीवर या, सायकल होडीत चढवा. पलीकडे उतरलात की आवाजच बदलतो. विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस, मग गोराई गाव, आणि तिथून उत्तनपर्यंत छोटा, वळणावळणाचा रस्ता. या दिवसांत उत्तनला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. वास येणारच. नाक मुरडायचं असेल तर पनवेलला जा.

उत्तनहून जरा वाकडी वाट करून चौक गावाला जायला विसरू नका. तिथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत (आपली झोपडपट्टीवाली धारावी नव्हे), आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला समोर दिसतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या मोहिमेत धारावीसाठी एवढी झटापट का झाली, ते तिथे उभं राहिलं की पुस्तकाशिवाय कळतं. खाडीच्या तोंडावर नजर ठेवायची तर जागा हीच.

मग भाईंदर. भाईंदर ते वसई रो-रो (गाड्याही नेणारी बोट) २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि हा सगळा रस्ता खऱ्या अर्थाने जुळला. वसईला तुम्ही थेट किल्ल्यापाशीच उतरता. वेळापत्रक भरती-ओहोटीप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलू शकतं, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. शेवटची फेरी चुकली तर रात्र भाईंदर स्टेशनवर.

वसईत शिरल्यावर हायवेची आठवणही होत नाही. निर्मळ, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा अशी गावं. केळीच्या, भाजीच्या वाड्या, मध्येच एखादं बावखल (गोड्या पाण्याचं तळं), पांढरं चर्च, पुढच्या वळणावर देऊळ. थंडीकडे झुकलं की सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळायला लागतात. दोन-चार घेऊन ठेवा, दुसऱ्या दिवशी चढावर कुठल्याही एनर्जी बारपेक्षा बरी पडतात. गोराई जेट्टी ते अर्नाळा धरून सगळं अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. सकाळी उशिरा निघूनही नोव्हेंबरच्या सहाच्या सूर्यास्ताआधी आरामात पोचाल. ज्यांच्या पायात अजून दम आहे त्यांनी विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारची फेरी धरून केळव्यापर्यंत जावं, पण तो वेगळा व्हिडिओ होईल.

[जवळून, कॅमेऱ्याकडे बघून]

मुक्काम कुठे? मी एकटी जाते, म्हणून हा प्रश्न मला जास्त विचारतात. माझं उत्तर मुलींसाठी वेगळं आणि मुलांसाठी वेगळं असं नाही. निर्जन किनारा नको. माणूस हाकेच्या अंतरावर हवा. सर्वात उत्तम म्हणजे वाडी. दिवसाउजेडी जायचं, घरात वडीलधारं कोणी असेल त्यांना नीट विचारायचं: "काका, मी सायकलवर आलेय, बोरिवलीहून. एक रात्र तुमच्या वाडीत टेंट लावला तर चालेल का? चूल पेटवणार नाही, सकाळी जागा झाडून जाईन." राहण्याची सोय देणाऱ्या वाड्याही बऱ्याच आहेत, तिथे पैसे द्यायचे आणि बाथरूम मिळवायचं. त्यात कमीपणा नाही. जंगलात एकट्याने रात्र काढली की आपण मोठे, हा माज सोडा. आपल्या राष्ट्रीय उद्यानात तर अशी मनाला येईल तिथे रात्र काढताच येत नाही, आणि तिथे बिबटे आहेत.

वाडीत जागा निवडताना आधी वर बघा. नारळाच्या झाडाखाली टेंट नको. मग खाली बघा. पालापाचोळा, लाकडांचा ढीग, दगडांची रास यांपासून लांब. कारण मण्यार.

हा भाग कृपया पुढे ढकलू नका. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं अनेकदा कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेल न दिसेल. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास. असं काही वाटलं तर कापाकापी नाही, मांत्रिक नाही, "बघू सकाळी" नाही. १०८ ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय, सापाच्या विषावरचं इंजेक्शन (अँटिव्हेनम) तिथे मिळतं. आणि हे होऊ नये म्हणून काय? पूर्ण बंद होणारा, तळ शिवलेला टेंट, आणि त्याची चेन कायम लावलेली. चांदणं बघत उघड्यावर चटई टाकून झोपायचं, हे फोटोत चांगलं. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री बाहेर पडलात तर बॅटरी पायाशी.

सामानाबद्दल फार बोलत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. दोन किलोच्या आसपासचा टेंट, पातळ मॅट, एक चादर. स्लीपिंग बॅग घरी ठेवा, नोव्हेंबरात या किनाऱ्यावर तिच्यात शिजाल. पाणी तीन लिटर. स्टोव्ह नको, गावात गरम जेवण मिळतं. ओडोमॉस मात्र हवंच. वजन पाठीवर नाही, कॅरिअरवर आणि जमेल तेवढं खाली.

दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. वाळूत टेंटचे खुंटे धरत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरा, दोरी तिला बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा, मग हलत नाही. दुसरी, दव. आभाळ निरभ्र असलं की पहाटे टेंट आतून ओला होतो, लोकांना वाटतं गळतोय. गळत नाही, तुमच्याच श्वासाची वाफ असते ती. बाहेरच्या आवरणाची (फ्लायची) दारं थोडी उघडी ठेवा, आतली जाळी बंद. सायकलला कुलूप लावाच, वर एक बारीक दोरी चाकातून टेंटच्या खांबाला बांधा. कोणी ओढली तर जाग येते. कुत्र्याने ओढली तरी येते, तेवढं सहन करा.

सकाळी साडेसहा-पावणेसातला उजाडतं. ऊन चढायच्या आत निघा, परत येताना समोरून वारा लागला तर वेळ वाढतो. आणि घरी पोचल्यावर अंघोळीच्या आधी सायकल. गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर जेट मारू नका, बेअरिंगमध्ये वाळू जाते. चेन कोरडी पुसा, तेल घाला, जास्तीचं पुसून काढा. खाऱ्या हवेत एक रात्र उभी राहिलेली चेन दोन दिवसांत तांबूस होते, आणि ती बदलायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात पुढच्या अष्टमीची वाडी बुक होते.