एफआयआरची प्रत मागून घ्या

नमस्कार श्रोतेहो.

चोरी झाली, मारहाण झाली, गाडीने उडवलं, की आपण पोलीस ठाण्यात जातो. तक्रार देतो, सांगतील तिथे सही करतो आणि घरी येतो. पुढे समन्स येईल तेव्हा साक्षीला उभं राहायचं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. आरोपीला वकील असतो, परवडत नसेल तर सरकार देतं, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचं डोकं फुटलं, ज्याचं घर फोडलं, तो त्या खटल्यात कोण? वर्षानुवर्षं उत्तर एकच होतं. साक्षीदार. काम झालं की घरी जा.

आता तसं नाही, आणि आजचं माझं बोलणं त्यासाठीच आहे. जाणून घेण्याचा, बोलण्याचा आणि भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने पीडित व्यक्तीला दिला आहे. पुन्हा सांगते. जाणून घेण्याचा, बोलण्याचा, भरपाई मागण्याचा. आणि या सगळ्याची पहिली पायरी म्हणजे एफआयआरची, पोलिसांनी नोंदवलेल्या तुमच्या पहिल्या तक्रारीची, प्रत. ती फुकट मिळते. मागून घ्या.

हा विचार एका देशाचा नाही. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्यांच्या पीडितांसाठी एक जाहीरनामा मंजूर केला. पीडिताला सन्मानाने वागवा, त्याची वस्तू किंवा नुकसान गुन्हेगाराकडून परत मिळवून द्या, ते जमत नसेल तिथे सरकारने भरपाई द्यावी आणि औषधपाण्याची, आधाराची सोय करावी, असं त्यात म्हटलं आहे. जाहीरनामा म्हणजे करार नव्हे, कोणावर बंधन नाही. पण बऱ्याच देशांचे कायदे त्यानंतर बदलले. हेग इथलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासून आहे. तिथे पीडितांना आपल्या वकिलामार्फत न्यायालयापुढे म्हणणं मांडता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्यांना असं स्थान नव्हतं. काँगोमधल्या बोगोरो गावावर २००३ मध्ये हल्ला झाला होता. त्या प्रकरणात २०१७ साली या न्यायालयाने २९७ पीडितांना प्रत्येकी २५० डॉलर देण्याचा आदेश दिला. रक्कम लहान आहे. पण एका जागतिक न्यायालयाने त्या गावातल्या माणसांचं नुकसान एकेकाच्या नावाने मोजलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडित व्यक्तीची व्याख्या आली, अपिलाचा हक्क आला आणि प्रत्येक राज्याने भरपाईची योजना करायची असं कलम आलं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्यात आणखी भर पडली. कलमं मी सांगेन, पण त्याआधी एक हकीकत ऐका. मी मोफत कायदा सल्ल्याचं काम करते, तिथली आहे. नाव, गाव सांगत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुना कायदा होता तेव्हाची. उत्तर गोव्यातल्या एका बाजारात चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाला ही गर्दी. एक मावशी, साठी ओलांडलेल्या, घरचेच आंबाडे, कवंडळं, चिबूड, सुपारीचे घड विकायला बसल्या होत्या. माल संपला. रिकामी पाटी घेऊन बस स्टँडच्या वाटेला लागल्या. गळ्यात सासूची मोहनमाळ. सणाच्या दिवशी घालायचीच, असा त्यांचा नेम. मागून स्कूटरवरून दोघे आले, मागच्याने माळेला हात घातला. माळ चटकन तुटली नाही. मावशी फरफटत गेल्या, उजव्या हातावर पडल्या आणि मग माळ तुटली.

लोकांनी त्यांना उचलून पोलीस ठाण्यात नेलं. तक्रार लिहिली गेली. हात सुजला होता, पण त्यांचं सगळं लक्ष माळेवर. लिहिणाऱ्याने विचारलं, "लागलंय का?" त्या म्हणाल्या, "खरचटलंय थोडं." सही केली. डावा अंगठा नव्हे, सही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाई, पण दुखऱ्या हाताने केलेली ती सही मी नंतर पाहिली, अक्षरं ओळीतून खाली घसरली होती. प्रत कोणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी घरात गणपती आणि या इस्पितळात. एक्स-रे काढला, मनगटाचं हाड मोडलेलं. प्लास्टर घातलं.

पोलिसांनी काम चांगलं केलं, हे सांगायलाच हवं. थोड्याच आठवड्यांत ते दोघे सापडले, माळही सापडली, दोन तुकड्यांत. मावशींना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी माळ हातात घेतली, डोळ्यांना लावली. मग ती परत पाकिटात गेली, पाकिटावर लाख, लाखेवर शिक्का, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. मुद्देमाल झाला. "केव्हा मिळेल?" "केस संपली की." केस कधी संपणार? कोणालाच माहीत नाही. मावशी अधूनमधून जाऊन विचारत राहिल्या, उत्तर तेच. इकडे नातीचं लग्न ठरलं आणि ती माळ नातीच्या गळ्यात घालायची हे सासूने मरताना सांगून ठेवलेलं. तेव्हा कोणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं.

मला म्हणाल्या, "वकीलबाय, चोरांनी माळ नेली ती सापडली. आता सरकारने ठेवलीय ती कशी सापडायची?"

श्रोतेहो, त्यांची वस्तू त्यांना परत मिळण्यासाठी खटला संपायची गरजच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं आहे की जप्त केलेला माल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त पडून राहू नये. दागिन्याचा पंचनामा करा, फोटो काढा, मालकाकडून बंधपत्र घ्या आणि वस्तू त्याच्या हाती द्या. पुरावा म्हणून फोटो आणि पंचनामा पुरतो. आम्ही तोच अर्ज केला.

सुनावणीला मॅजिस्ट्रेटनी विचारलं, ही माळ तुमचीच कशावरून? मावशी म्हणाल्या, "आकड्याजवळचा तिसरा मणी बघा, चेपलेला असेल. माझ्या थोरल्याने दात येत होते तेव्हा चावलाय." पाकीट उघडलं. सोनाराला बोलावलं होतं, त्याने भिंग लावून पाहिलं. तिसरा मणी चेपलेला. कोर्टात कोणी काही बोललं नाही, मॅजिस्ट्रेटनी फक्त लिहून घेतलं. माळ देण्याचा आदेश झाला.

गोष्ट इथे संपत नाही, म्हणूनच मी ती सांगते आहे. मॅजिस्ट्रेटनी सहज विचारलं, "मावशी, आणखी काही सांगायचंय?" इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी हात पुढे केला. मनगट वाकडं जुळलं होतं, मूठ पुरी मिटत नव्हती. म्हणाल्या, "माळेचं सगळं लिहिलंय. माझा हात मोडला ते कुठे लिहिलंय?"

सरकारी वकिलांनी कागद चाळले. एफआयआरमध्ये किरकोळ खरचटल्याचा उल्लेख. एक्स-रेचा कागद मावशींच्या घरी, ट्रंकेत. त्यांना वाटलेलं, इस्पितळवाले पोलिसांना कळवतील. तपासाच्या कागदांत हात मोडल्याचा एक शब्द नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या बाईला फारसं काही लागलेलंच नव्हतं. मग पुरवणी जबाब झाला, इस्पितळाचे कागद जोडले गेले, गुन्ह्याला दुखापतीचं कलम लागलं. त्याच कागदांच्या जोरावर आम्ही भरपाईचा अर्ज केला आणि मोठी नव्हे, पण रक्कम मिळाली.

आता विचार करा. एफआयआरची प्रत पहिल्या दिवशी मिळाली असती, घरच्या कोणी ती वाचून दाखवली असती, तर प्लास्टर घातलं त्याच दिवशी चूक पकडली गेली असती. म्हणून पुन्हा सांगते. प्रत फुकट आहे. मागून घ्या. घरी जाऊन वाचा, काही राहिलं असेल तर लगेच लेखी द्या. तक्रार तुमच्या भाषेत द्या. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी ही राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. तरी आपली वयस्क माणसं न समजणाऱ्या इंग्रजी कागदावर सही करून येतात. हे मला फार खटकतं. नुसत्या पोलीस ठाण्यात नव्हे, बँकेत, पंचायतीत, सगळीकडे.

आता कलमं, थोडक्यात. नव्या संहितेच्या १७३ व्या कलमाने एफआयआरची प्रत तक्रारदाराला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते. पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं आहे, फोनवर संदेश पाठवूनही चालतं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर कलम ३६० प्रमाणे आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. जप्त मालाची यादी आणि फोटो न्यायालयाने १४ दिवसांत करून घ्यायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाचं काय करायचं ते ठरवायचं, असं कलम ४९७ सांगतं. मावशींच्या वेळी हे कलम असतं तर!

जामिनाचं वेगळं सांगायला हवं. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी इथे आंदोलक शेतकऱ्यांना गाडीने चिरडल्याच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द केला, कारण पीडितांच्या कुटुंबांना नीट ऐकलंच गेलं नव्हतं. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला बोलण्याचा हक्क आहे, असं तिथे स्पष्ट झालं. आरोपी सुटला तर पीडित स्वतः अपील करू शकतो, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे २०१८ पासून ठरलेलं आहे. मात्र शिक्षा कमी वाटते एवढ्या कारणाने पीडिताला अपील करता येत नाही. माझ्या मते तेही यायला हवं.

भरपाई. कलम ३९६. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो, आरोपी सुटला तरी न्यायालय शिफारस करू शकतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, करायचा, त्यांनी दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची. आणि बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्तीवर प्रत्येक इस्पितळाने, सरकारी असो वा खासगी, ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे आहेत. नाकारलं तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद आहे.

बलात्कार झालेल्या पीडितेचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, आणि नावच नव्हे, जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कुठलीही माहिती. आपल्या गोव्यात नाव न छापता गाव, वाडा आणि वडिलांचा धंदा छापला की अर्ध्या तालुक्याला घर कळतं. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोबाइलवर बातमी पुढे ढकलणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

आपल्याकडे पोर्तुगीज काळातला नागरी कायदा अजून आहे, त्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. फौजदारी कायदा मात्र साऱ्या देशाचा तोच आपला. पोर्तुगालमध्ये आज पीडित व्यक्तीला सरकारी वकिलाच्या जोडीला खटल्यात रीतसर पक्षकार म्हणून उतरता येतं. आपल्याकडे न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो. आणि एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही, तरी बोलते. कोर्टाच्या ओसरीत पीडित आणि आरोपी एकाच बाकावर बसतात, तासन्‌तास. निराळी बसायची जागा द्यायला फार मोठा खर्च येत नाही.

शेवटी, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडीहून रोज गोव्यात कामाला येणाऱ्या श्रोत्यांसाठी. गुन्हा गोव्यात घडला आणि तुम्ही रात्री घरी पोहोचलात, तरी तिथल्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. हद्द कोणाची हे सांगून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर करून ते कागद इकडे पाठवतात. भरपाईचा अर्ज मात्र गोव्यातल्या प्राधिकरणाकडे करायचा. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१००, फुकट आहे. एक पाच एक शून्य शून्य. जाताना एफआयआरची प्रत आणि इस्पितळाचा प्रत्येक कागद बरोबर न्या, आणि मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

नमस्कार.