विमान उसळलं की नाक दाबू नका

नमस्कार मंडळी. आज लहान विमानांबद्दल बोलायचंय, ती दोन-चार सीटची, एकच पंखा (प्रोपेलर) असलेली विमानं असतात ना, ती उतरताना आपटतात त्याबद्दल. बातमीत 'हार्ड लँडिंग' एवढंच येतं, कोणी दगावलेलं नसतं, म्हणून आपण तिथे थांबत नाही.

बघा, सेस्ना १७२ सारखं विमान साधारण ६०-६५ नॉट्सने, म्हणजे ताशी ११०-१२० किलोमीटरने रनवेवर येतं. जमीन अगदी जवळ आली की पायलट योक, म्हणजे विमानाचं हँडल, हळूहळू मागे ओढतो, नाक थोडं वर येतं, वेग मरतो आणि मागची दोन चाकं आधी टेकतात. हा झाला फ्लेअर. तो उंचावरच झाला तर विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांना हवेचा आधार न उरून, धपकन पडतं, आणि सवयीपेक्षा रुंद रनवे असला की हे सहज होतं, कारण आपण फार खाली आलोय असं डोळ्याला वाटतं. वेग जास्त राहिला तर मात्र ते टेकून उसळतं.

आणि खरा घात या उसळण्यानंतर होतो. माणूस घाबरून नाक खाली दाबतो, मग नाजूक पुढचं चाक आधी आपटतं, विमान आणखी जोरात उसळतं, परत दाबतो, परत उसळतं, आणि तिसऱ्या-चौथ्या उडीला ते चाक मुडपतं आणि पंखा जमिनीला लागतो. वाकलेलं दिसतं फक्त पंख्याचं टोक, पण फिरतं इंजिन झटक्यात अडलेलं असतं, त्यामुळे ते उघडून आतल्या मुख्य दांड्यापर्यंत, म्हणजे क्रँकशाफ्टपर्यंत, सगळं तपासावं लागतं.

म्हणून शिकणाऱ्या पोरापोरींना कळकळीने सांगतो, मोठी उसळी बसली की थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे, नाक सावरून धरा, फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली सोडलेल्या पट्ट्या, टप्प्याटप्प्याने वर घ्या आणि एक चक्कर मारून परत या. या गो-अराउंडची लाज कसली?

अजून एक. आपटलेलं विमान बाहेरून धडधाकट दिसतं, पण इंजिनामागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, नीट टॉर्च मारलात तर कधी पत्र्याला बारीक सुरकुती दिसते, रिव्हेटभोवतीचा रंग उडालेला असतो. सेस्नासारख्या विमानात पुढचं चाक त्याच पत्र्याला बांधलेलं असतं, आणि पुढच्या फेरीला तिथे बसणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. तेव्हा आपटलं तर लपवू नका, लॉगबुकात लिहा, मेकॅनिकला तो पत्रा बघू द्या आणि मगच किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या.