पामीरच्या दऱ्या आणि एका रात्रीत झालेलं धरण

श्रोतेहो, नमस्कार. आज जाऊ या ताजिकिस्तानात, पामीरच्या डोंगरांत.

राजधानी दुशान्बेहून पामीरमधलं मुख्य शहर खोरोग पाचशे किलोमीटरच्या वर. जीपला चौदा ते अठरा तास, मध्ये दरड आली तर विचारूच नका. बराचसा रस्ता पंज नदीच्या काठाने, आणि पलीकडचा काठ म्हणजे अफगाणिस्तान. व्हिसाबरोबर गोर्नो-बदख्शानचा, म्हणजे पामीरच्या या प्रांताचा, परवाना लागतो. पुन्हा सांगते, व्हिसा वेगळा, परवाना वेगळा. तो नसला तर चौकीवरूनच मागे फिरावं लागतं.

खोरोग 2,100 मीटरवर, मुरगाब गाव 3,600 वर, पुढची अक-बैताल खिंड 4,655 वर. म्हणून चढ खोरोगकडून घ्यावा. किर्गिझस्तानातल्या ओशकडून निघालात तर एका दिवसात चार हजारांवर पोचता, मग डोकं ठणकतं, उलट्या होतात. वाखान खोऱ्यात यामचुनचा किल्ला पाहाच, वर बीबी फातिमाचं गरम पाण्याचं कुंड आहे. सकाळी तिथे शीर-चाय मिळते: दूध, लोणी, मीठ, आणि त्यात कुस्करलेली रोटी. चहात मीठ म्हटलं की आपण नाक मुरडतो; पण त्या उंचीवर आपल्या गोडमिट्ट चहापेक्षा तीच बरी.

आता सारेझ तलाव. 18 फेब्रुवारी 1911ची रात्र. मोठा भूकंप झाला आणि एक अख्खा कडा मुरगाब नदीत कोसळला. सुमारे दोन घन किलोमीटर दगडमाती! उसोय नावाचं गाव त्याखाली गडप झालं. नदी अडली. धरण झालं. उंची 567 मीटर. त्याच देशातलं माणसांनी बांधलेलं नुरेक धरण 300 मीटर. पाणी मागे मागे चढत गेलं. वरच्या अंगाला सारेझ गाव होतं. लोकांनी सामान हलवलं, आणि वर्ष सरायच्या आत गाव पाण्याखाली गेलं. तलावाला नाव मात्र त्याचंच राहिलं.

तीन वर्षांनी, 1914मध्ये, बांधातून पाणी झिरपू लागलं. आजही सेकंदाला सुमारे 45 हजार लिटर पाझरतं, म्हणून तलाव बांधावरून ओसंडत नाही. खरी धास्ती काठावरच्या सैल उताराची. तो पाण्यात घसरला तर लाट बांधावरून पलीकडे जाईल. खालच्या बारतांग नदीच्या खोऱ्यातल्या गावांत त्यासाठी इशाऱ्याची यंत्रणा बसवली आहे.

सारेझला जायला आणखी एक परवानगी, तीही दुशान्बेतून. शेवटचं गाव बारचिदेव, पुढे पायी. सप्टेंबर गाठा. जुलैत बर्फ वितळून बारतांग चढते आणि रस्ताच खाऊन टाकते.