वहीत लिहिलेली गाडी

(पडद्यावर: पहाटेचा अंधार, पत्र्याची पडवी. किकचा आवाज. पुन्हा किक. इंजिन सुरू होतं.)

बॅटरी उतरलेली असली की बाबा बटणाच्या नादी लागत नाहीत. दोन किका, थोडा चोक, आणि मग मिनिटभर नुसतं उभं राहून ऐकायचं. त्या मिनिटात त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही.

ही हिरो इम्पल्स मोटरसायकल, २०१२ सालची. हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर, २०११ मध्ये हे मॉडेल आलं. १४९.२ सीसीचं, हवेवर थंड होणारं, एका सिलिंडरचं इंजिन. पुढे १९ इंची चाक, आणि जमिनीपासून पोटापर्यंत जवळजवळ वीतभर मोकळी जागा. रस्त्यावरही चालेल, रस्ता संपल्यावरही चालेल, अशी गाडी. तेव्हा तिला गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही आणि काही वर्षांत ती बंद झाली. हिरोचीच, याच जातीची एक्सपल्स २०० आली ती २०१९ मध्ये.

बाबा पशुधन पर्यवेक्षक होते. गावात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात. सावंतवाडीपासून आंबोलीच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत त्यांची फिरती. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाऊस संपला की जांभ्याची तांबडी धूळ. गाडीला मरायचं असेल तर यापेक्षा सोयीची जागा नाही.

(पडद्यावर: शंभर पानी वही. कव्हरवर ऑइलचे अंगठे.)

ही वही गाडीइतकीच जुनी आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. शेवटची नोंद १,३२,४१० किलोमीटरची. मध्ये चार महिने मीटर बंद होता, ते किलोमीटर बाबांनी अंदाजाने धरलेत. म्हणजे खरा आकडा थोडा इकडेतिकडे.

वही वाचायला कंटाळवाणी आहे. 'ऑइल बदलले.' तीन हजार किलोमीटरनी पुन्हा 'ऑइल बदलले.' असं चाळीसहून जास्त वेळा. ऑइल दर वेळी साधारण लिटरभर, म्हणजे तेरा वर्षांत चाळीस-पंचेचाळीस लिटर. घरात गोडेतेल यापेक्षा कितीतरी जास्त गेलं असेल.

पण एका पानावर बाबांचं अक्षर बदललंय. ५८,२०० किलोमीटर. 'फिल्टरचे झाकण सैल!!' दोन उद्गारचिन्हं. बाबा एरवी पूर्णविरामही देत नाहीत.

झालं होतं असं. बाबा आजारी होते, म्हणून सर्व्हिसिंगसाठी गाडी मी एका दुसऱ्याच गॅरेजात टाकली. तिथल्या पोराने एअर फिल्टर काढला, हवा मारली आणि परत बसवला. या गाडीचा फिल्टर तेलकट कागदाचा. तो हवा मारून वापरायचा नसतो, बदलायचा असतो. त्यात झाकणाचा एक स्क्रू त्याने आवळलाच नाही. मी पैसे दिले आणि गाडी घेऊन आलो. तो उन्हाळाभर तांबडी धूळ त्या फटीतून थेट सिलिंडरमध्ये जात राहिली.

धूळ मऊ वाटते, बोटाला तर पावडरच. पण पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्यात ती कालवली की तिचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं. पिस्टनच्या रिंगा झिजतात, सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात. मग ऑइल वर येऊन जळतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि त्याच्याही आधी किक हलकी लागायला लागते. बाबांना ते पायाला कळलं. मला धूर दिसेपर्यंत काही कळलं नव्हतं.

(पडद्यावर: उघडं इंजिन, सिलिंडरच्या आत टॉर्चचा उजेड.)

५७.३ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर लेथवर नेऊन ५७.५५ केला. पाव मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, नवी गॅस्केटं. ६१,००० ला इंजिन पुन्हा बांधलं. त्यावर गाडी ७१,००० चालली आहे आणि अजून धूर नाही. म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या बोअरपेक्षा, पहिल्या मापापेक्षा, दुसरा जास्त टिकला. पहिला झिजला तो माझ्या एका सर्व्हिसिंगमुळे. हे बाबा बोलून दाखवत नाहीत, वही दाखवतात.

अशी लहान इंजिनं टिकतात, त्यामागे जादू काही नाही. दीडशे सीसीतून जेमतेम तेरा हॉर्सपॉवर काढायची, अंगात रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, बिघडायला जागाच कमी. जपानमध्ये यामाहाची सेरो याच स्वभावाची, ती १९८५ पासून २०२० पर्यंत बनत राहिली. मात्र हीच गाडी रोज हायवेवर मूठ पिळून पळवली, तर लाख किलोमीटरचं नाव काढू नये. बाबा साठच्या वर जात नाहीत. मागे बसलं की चीड येते.

(पडद्यावर: गॅरेज. मेकॅनिक इंजिनावर कान लावून.)

"डॉक्टरानू, ह्यो टॅपेटचो आवाज. भियासारख्या काय नाय."

टॅपेटचा आवाज येतो तो व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या फटीमुळे. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. वाढली तर टकटक वाजते. कमी झाली तर काहीच वाजत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे मेकॅनिकला काळजी असते ती न वाजणाऱ्या टॅपेटची.

पावसाळ्याआधी बाबा चासीला खालून जुन्या ऑइलचा हात मारतात. धुताना प्रेशरचा पाइप नाही. बादली, आणि चिखल काढायला नारळाचं सोडण. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगांत आणि कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या बेअरिंगांत, शिरतं, तिथलं ग्रीस घालवतं. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवरचा चिखल ते घरी पोचल्या पोचल्या पुसतात. वाळलेला चिखल ऑइल सील कापतो. एवढं करूनही सील तीनदा बदललेत, चेन-स्प्रॉकेट पाच वेळा, सायलेन्सर एकदा सडून पडलाय.

इंजिनाची खरं तर चिंता नाही. त्याचं बरंचसं सामान हिरोच्याच हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमशी जुळतं, आणि त्या गाड्या गावोगाव आहेत. अडतं ते भलत्याच ठिकाणी. डाव्या बाजूचं प्लास्टिक तारेने शिवलंय. इंडिकेटरची काच दुसऱ्याच गाडीची आहे.

२०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरतील. गाडी आरटीओत दाखवायची, पास झाली तर पुढची पाच वर्षं. तिथे सिलिंडर उघडून कोणी बघणार नाही. हॉर्न, दिवा, ब्रेक, इंडिकेटर. म्हणून सध्या बाबा काचेच्या शोधात आहेत. बांद्याला एका भंगारवाल्याकडे पडलेली इम्पल्स आहे असं कोणीतरी सांगितलंय. आज पहाटे तिकडेच निघालेत. जाताना वाटेत एक गाय बघायची आहे.

(पडद्यावर: वळणावर मागचा लाल दिवा. उजवा इंडिकेटर लागतो. डावा नाही.)