डलहौसीच्या घराण्यातला वारसाहक्क

नमस्कार मंडळी.

कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी म्हटलं की आपल्याला सातारा आठवतो. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. दत्तकपुत्राला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य नाही, असं म्हणून डलहौसीने संस्थान खालसा करायची शिफारस केली आणि लंडनहून तिला मंजुरी आली. साताऱ्याला वारस होता. तो मानायचा की नाही, हे मात्र कंपनीने ठरवलं. पुढे नागपूर आणि झाशीचंही तेच झालं.

आता त्याच्या स्वतःच्या घरात काय घडलं ते पाहू.

या माणसाकडे डलहौसी नावाचे तीन सरदारी किताब होते: सर्वात खालचा बॅरन, त्यावर अर्ल आणि सर्वात वरचा मार्क्वेस. स्कॉटलंडमधली अर्लकी १६३३ ची, तिचा तो दहावा धनी. बॅरन हा किताब १८१५ मध्ये त्याच्या वडिलांना मिळालेला. मार्क्वेस ही पदवी त्याला स्वतःला पंजाब जिंकल्यावर १८४९ मध्ये मिळाली. म्हणून पुस्तकात कुठे 'दहावा अर्ल' दिसतो, कुठे 'पहिला मार्क्वेस'. माणूस एकच; प्रत्येक किताबाची मोजणी वेगळी चालते.

बॅरनपद दिसायला धाकटं, पण फार कामाचं. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाल्यावर स्कॉटिश सरदारांना आपल्यातले फक्त १६ प्रतिनिधी निवडून लॉर्ड्सच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ, सभागृहात पाठवता येत. वडिलांच्या बॅरनपदामुळे डलहौसीला तिथे हक्काची जागा होती.

१९ डिसेंबर १८६० रोजी तो वारला. मागे दोन मुली, मुलगा नाही. मार्क्वेसपद पहिल्या धन्याच्या औरस पुरुषवंशापुरतं, त्यामुळे ते अकरा वर्षांतच संपलं. बॅरनपदही त्याच दिवशी बुडालं. अर्लकी जुनी, तिच्या शाखा पसरलेल्या. ती चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेली. क्रिमियन युद्धात युद्धमंत्री होता, तोच हा. लॉर्ड्समध्ये तो पॅनम्युअरचा बॅरन म्हणून बसे. १८७४ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि तेही पद संपलं. अर्लकी आणखी एक चुलतभाऊ, नौदलातले जॉर्ज रॅम्झी, यांच्याकडे आली, पण सभागृहातली जागा गेली. अखेर १८७५ मध्ये त्यांना रॅम्झी नावाचं नवं बॅरनपद द्यावं लागलं.

आजचे अर्ल याच जॉर्ज रॅम्झींच्या वंशातले. गव्हर्नर जनरलचे वंशज नव्हेत. दत्तकाचा नियम मात्र या सरदारवर्गात अजून तसाच आहे. २००४ पासून दत्तक मुलांना सरदारपुत्राचं संबोधन लावता येतं, किताब मिळत नाही.