युनियन, पगार आणि लाइन थांबवण्याचा दोर

मंडळी, युनियनचा विषय निघाला की भांडण पगारावर येऊन अडतं. एक बाजू म्हणते, युनियन होती म्हणून कामगाराला चार पैसे मिळाले. दुसरी म्हणते, युनियनने कारखाने बुडवले. सुरुवात पगारापासूनच करू, पण तिथं फार रेंगाळायचं नाही.

अमेरिकेत याची मोजमापं भरपूर झाली आहेत. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, तरी युनियनमधल्या कामगाराला साधारण १० ते १५ टक्के जास्त मिळतं, असं बहुतेक अभ्यास सांगतात. खालच्या पायरीवरच्यांना फायदा अधिक, म्हणून एकाच कारखान्यातली पगाराची दरीही कमी होते. हा पैसा येतो कुठून? परिसरात काम देणारा एकच मोठा मालक असेल, तर तो कामाच्या मोलापेक्षा कमी देऊनही माणसं टिकवू शकतो. तिथं युनियन ती तूट भरून काढते आणि नोकऱ्या जातातच असं नाही. जिथं स्पर्धा कडक, तिथं मात्र तोच पैसा नफ्यातून, ग्राहकाकडून किंवा न झालेल्या भरतीतून निघतो. हे नाकारून कामगारांचं भलं होत नाही.

जॉन दिनार्डो आणि डेव्हिड ली या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये एक फार चांगलं काम केलं. युनियन हवी का, यावरच्या कामगारांच्या मतदानात ती जिथं काठावर जिंकली आणि जिथं काठावर हरली, त्या कंपन्यांची तुलना केली. बंद पडण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. पण पगारही फारसे वाढलेले नव्हते! मला यात नवल वाटत नाही. निम्मे लोक पाठीशी नसताना वाटाघाटीला बसलेल्या युनियनच्या हाती किती लागणार?

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी प्रचंड, तक्रारींचे ढीग, माल सदोष. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना सुरू झाला, बहुतांशी तेच कामगार घेऊन, आणि युनियनही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा अमेरिकेतल्या उत्तम कारखान्यांच्या तोडीचा झाला. चूक दिसली की कुणाही कामगारानं दोर ओढून लाइन, म्हणजे गाड्या जोडण्याची चालती रांग, थांबवायची, ही मुभा मिळाली होती. कुणी कोणतं काम करायचं हे ठरवणाऱ्या ढीगभर श्रेण्या मोडायला युनियननं मान्यता दिली. त्या बदल्यात करारात लिहून घेतलं, की कंपनी खरोखर संकटात आल्याशिवाय कपात नाही, आणि तेव्हाही आधी वरिष्ठांचे पगार कापायचे. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा माणसं घरी पाठवली नाहीत, त्यांना प्रशिक्षणाला बसवलं.

नोकरीची हमी नसेल तर माणूस दोर ओढत नाही. चूक दाखवणारा आधी जातो, हे त्याला ठाऊक असतं. ती हमी एकटादुकटा कामगार मागू शकत नाही, आणि मालकाच्या तोंडी आश्वासनावर कुणी विसंबत नाही. सह्या झालेला करार लागतो, तो मोडला तर दाद मागणारी संघटना लागते. म्हणून युनियननं किती टक्के वाढ मिळवली याच्या जोडीला, तिच्या कारखान्यात चूक बोलून दाखवणाऱ्याचं पुढे काय झालं, हेही अभ्यासकांनी मोजायला हवं.