चिमट्याला मिळणारे उत्तर

हा डॅशहुंड जातीचा कुत्रा कालपर्यंत सोफ्यावर सहज उडी मारत होता. आज तो सोफ्यासमोर येऊन थांबतो, वर पाहतो आणि परत फिरतो. त्याची पाठ कमानीसारखी वाकली आहे. उचलताना तो कळवळतो आणि पोट घट्ट आवळून धरतो, त्यामुळे घरच्यांना हे पोटाचे दुखणे वाटते. प्रत्यक्षात ते कण्यातले असते.

मणक्यांमधील प्रत्येक चकतीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत जेलीसारखा पाणीदार गर असतो. डॅशहुंड, फ्रेंच बुलडॉग, बीगल, पेकिनीज अशा जातींमध्ये हा गर कोवळ्या वयातच सुकू लागतो आणि पुढे त्यात कॅल्शियम साचते. यामागे बाराव्या गुणसूत्रावर असलेली, एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत आहे, असे २०१७ मध्ये दाखवण्यात आले. पाय आखूड होण्यातही तिचा वाटा असतो. म्हणजे ज्या ठेंगण्या बांध्यासाठी माणसाने या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या, त्याच्यासोबत हे दुखणेही आपणच निवडत आलो, हे मान्य करायला हवे.

कड्याची मज्जारज्जूकडील बाजू मुळातच पातळ असते. छातीच्या बऱ्याचशा भागात दोन्हीकडच्या बरगड्यांना जोडणारा अस्थिबंध चकतीवरून जातो आणि तिला आवरून धरतो. छाती संपून कंबर सुरू होते तेथे तो आधार नसतो, म्हणून पाठीतील बहुसंख्य चकत्या तेथेच फुटतात. सुकलेला गर जोराने बाहेर येऊन मज्जारज्जूवर आदळतो, आणि कुत्र्याचे मागचे पाय कधी काही तासांतच लुळे पडतात.

अशा वेळी पशुवैद्य मागच्या पायाचे बोट चिमट्याने जोरात दाबतात. पाय आखडला की घरच्यांना हायसे वाटते. परंतु ती हालचाल मेंदूपर्यंत काहीही न पोहोचता, केवळ प्रतिक्षिप्त क्रियेनेही होऊ शकते. खरे उत्तर तोंडाकडे पाहून मिळते: कुत्र्याने मान वळवली, तो ओरडला किंवा चावायला धावला, तर वेदना वर पोहोचत आहे. ही जाणीव शाबूत असलेल्या दहापैकी साधारण नऊ कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालता येते. ती गेली असेल, तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. म्हणूनच पाय लुळे पडल्यावर सकाळपर्यंत वाट पाहू नये. साध्या एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा एमआरआय करावा लागतो.

केवळ दुखणे असेल आणि चाल टिकून असेल, तर किमान चार आठवडे पिंजऱ्यातील विश्रांती हा मुख्य उपचार असतो. वेदनाशामकाने बरे वाटू लागलेला कुत्रा पुन्हा उड्या मारतो आणि उरलेला गर बाहेर येतो, म्हणून विश्रांतीविना दिलेले औषध मला धोक्याचे वाटते.

लुळ्या पडलेल्या कुत्र्याला बहुधा लघवीही स्वतःहून करता येत नाही. थेंब थेंब ओघळणारी लघवी अनेकदा मूत्राशय काठोकाठ भरल्याची खूण असते; ते दिवसातून अनेकदा हाताने दाबून रिकामे करावे लागते, आणि कुत्र्याला घरी नेण्यापूर्वी ही रीत पशुवैद्यांच्या देखरेखीखाली स्वतः करून पाहावी.